घाटंजी–राजूर–यवतमाळ : एका जीपच्या धूर तपासणीचा प्रवास

आमच्या जीपच्या नोंदणीची मुदत जानेवारीअखेर संपणार, हे मला दिवाळीपासून ठाऊक होते. तरीही यवतमाळच्या परिवहन कार्यालयात चौकशीस गेलो तो जानेवारी अर्धा उलटल्यावर. दुखणे अंगावर काढणारा मनुष्य वैद्याकडे जाण्याचे टाळतो, तसाच तो प्रकार होता.

खिडकीतील कारकुनाने नवा नियम समजावून सांगितला. जुन्या खासगी गाडीची नोंदणी पुढे चालवताना पूर्वी बाहेरून आणलेले धुराचे प्रमाणपत्र चालत असे. आता अधिकाऱ्यासमोर, कार्यालयाच्या मैदानातच धूर तपासला जाईल. गाडी अनुत्तीर्ण झाल्यास एकच फेरतपासणी मिळेल. तीतही अनुत्तीर्ण झाल्यास नोंदणी रद्द होईल. नोंदणी रद्द झालेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मग तिची जागा भंगारवाल्याकडे.

"काका, इतकी जुनी गाडी ठेवून काय करून राह्यले?" तो म्हणाला. "देऊन टाका ना कोनाले."

मी अर्ज खिशात घालून बसस्थानक गाठले. ही जीप मी सरकारी लिलावात घेतली तेव्हा तिच्या इंजिनात चिमण्यांचे घरटे होते. मी जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, फिटर होतो. दिवसा रुईची यंत्रे आणि सुट्टीच्या दिवशी ही जीप, अशी दोन वर्षे काम करून मी तिला रस्त्यावर आणले. पुढे जिनिंग बंद पडले. शेत मुलाच्या नावे झाले आणि मुलगा पुण्यास गेला. घाटंजीत मला आज जी हाक मारतात ती 'जीपवाले काका' ही आहे. जीप गेल्यावर कोणती हाक मारतील, याचा विचार मी त्या दिवशी बसमध्ये यवतमाळपासून घरापर्यंत केला.

आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळातील सदस्यांना ही चिंता नवी नाही. दोन वर्षांपूर्वी मंडळात अकरा गाड्या होत्या, आज सहा आहेत. बाकीच्या गाड्यांपैकी काही विकल्या गेल्या, काही ताडपत्रीखाली उभ्या आहेत. उरलेल्या सहांपैकी पाच जणांना याच वर्षी त्या मैदानात जावयाचे आहे. म्हणून रस्ता, मुक्काम, खर्च आणि घडलेली हकिगत मी क्रमवार लिहीत आहे. मी वहीत लिहितो, सूनबाई पुण्यात पानांचे फोटो पाहून ते टंकते.

पहिला दिवस : घाटंजी ते राजूर

तपासणीसाठी यवतमाळला थेट न जाता मी उलट दिशेने, वणीपुढच्या राजूरला गेलो. त्यास कारण गफूरमिस्त्री. ते पूर्वी तेथील कोळसा खाणीच्या कार्यशाळेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे पत्र्याची शेड टाकली. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा कार्बोरेटर नुसत्या कानाने जुळवणारा दुसरा मनुष्य मला या जिल्ह्यात ठाऊक नाही. आमचा परिचय जिनिंगच्या काळापासूनचा. ते मला भाऊ म्हणतात, मी त्यांना मिस्त्री म्हणतो.

सकाळी सहाला निघालो. सौ. सुशीला बरोबर होती. तिने या वर्षी लाखवातींचा नेम धरला आहे, म्हणून घरच्या कापसाची पिशवी तिच्या मांडीवर आणि सरकी काढून वाती वळण्याचे काम सतत चालू. जीप ताशी चाळीसच्या वर नेऊ नये, असा माझा नियम आहे. पेट्रोलवर ती लिटरला आठ किलोमीटर जाते, हे धरून खर्चाचा अंदाज करावा.

पांढरकवड्यापर्यंत दोन्ही बाजूंना पऱ्हाटी उभी होती, पण पाहवत नव्हती. बोंडे किडकी, अर्धी उमललेली. एका वावरात मालकाने उभ्या पिकात मेंढ्या सोडल्या होत्या. पांढरकवड्याच्या खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि माणसे ट्रॉलीतील कापसावरच झोपली होती. मला मात्र त्या रांगेपेक्षा आरशातील दृश्याची काळजी अधिक होती. आपला धूर निळा आहे की काळा, हे मी दर दोन मिनिटांनी पाहत होतो.

"पुढं पाहा ना बाप्पा," सुशीला म्हणाली. "मांगं काय पाहून राह्यले? मांगून कोनी येऊन नाही राह्यलं."

"धूर पाहत आहे."

"धूर कुठी पळून जाते? गाडीच्या मांगंच राह्यते तो."

करंजीला आलूबोंडा आणि चहा घेतला. दोघांचे पन्नास रुपये झाले. बोंडा गरम होता, चटणी जहाल. तेथून मारेगावमार्गे वणीकडचा रस्ता बरा आहे. वणीच्या पुढे मात्र कोळशाचे ट्रक सुरू होतात आणि झाडांची पानेसुद्धा करडी दिसू लागतात. प्रत्येक ट्रक आमच्या जीपच्या दहापट धूर सोडून पुढे जात होता. मला राग आला नाही. तपासणी त्याची उद्या नव्हती, माझी होती.

मिस्त्री शेडच्या दारातच उभे होते. वर्षभरापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. आता ते मान किंचित तिरकी करून पाहतात.

"सलाम, वहिनी. भाऊ, तुम्ही तर दुबळे झाले," ते म्हणाले. "गाडी मात्र टामटूम आहे. जेवन गाडीलेच देता का?"

"यांचं सारं ध्यान तिच्यातच असते," सुशीला म्हणाली. "मी आजारी पडली तर बॉनेट उघडून पाह्यतीन."

मिस्त्रींनी कार्बोरेटर उतरवला, पेट्रोलने धुतला, पेट्रोलचे बारीक भोक, म्हणजे जेट, फुंकून पाहिले. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून, दुसरे हवेच्या तोंडाशी नेऊन, ते स्क्रू पाव-पाव वेढ्याने फिरवू लागले. असा एक तास गेला. शेवटी त्यांनी सायलेन्सरसमोर पांढरा कागद धरला. कागदावर पुसट करडा डाग पडला, तोही ओला.

"बस," ते म्हणाले. "एकदम बारीक सेट केलं आहे. आता यवतमाळ येईपर्यंत हिले हात लावायचा नाही. बॉनेट उघडूच नका. ऐकून राह्यले ना, भाऊ?"

"ऐकले."

"तुम्ही ऐकता, पन मानत नाही. वहिनी, तुम्ही ध्यान ठेवा."

मजुरी साडेतीनशे रुपये घेतली. घरून आलेला चहा आणि खारी बिस्किटे वेगळी. ती मजुरीत धरत नाहीत.

दुसरा दिवस : वणी ते यवतमाळ

मुक्काम वणीच्या एका साध्या लॉजमध्ये केला. चारशे रुपये, खोली स्वच्छ, गरम पाण्याची बादली सकाळी सहापासून. गाडी लावण्यास मात्र जागा रस्त्याकाठीच आहे. सकाळी खाली आलो तेव्हा बॉनेटवर कोळशाच्या भुकटीचा थर होता. बोट फिरवले तर रेघ उमटली.

त्या रेघेने माझे मन अस्वस्थ झाले. ही भुकटी काल स्वच्छ केलेल्या कार्बोरेटरमध्ये गेली तर सारे काम व्यर्थ. जिनिंगमध्ये आमची एक रीत होती. हंगामात हवेत धूळ आणि तंतू फार, म्हणून तेथील प्रत्येक गाडीच्या एअर क्लीनरमध्ये झाकणाखाली स्वच्छ रुईचा एक पातळ पदर ठेवीत. इंजिन श्वास घेते ती हवा त्या रुईतून गाळून जाई. ही रीत मी अनेक वर्षे पाळली होती आणि तिने कधी दगा दिला नव्हता.

सुशीला वर केस विंचरत होती. तिची पिशवी मागच्या सीटवर होती. मी बॉनेट उघडले, क्लीनरचे झाकण काढले आणि पिशवीतील कापूस घेऊन आत बसवला. एक पदर पुरेसा वाटला नाही. भुकटी फार होती आणि तपासणी मोठी होती. मी आणखी घेतला व बोटांनी दाबून बसवला. झाकण लावले, हात पुसले आणि कोणास काही बोललो नाही. घरच्या वावरातील, हाताने वेचलेला कापूस. याहून शुद्ध गाळणी बाजारात मिळणार नाही, असे मला वाटले होते.

करंजीपर्यंत प्रवास ठीक झाला. तेथे हमरस्ता ओलांडून मोहद्याच्या रस्त्यास लागलो. तासाभराने इंजिनाचा सूर जड वाटू लागला. पेट्रोलचा वास येत होता. मोहद्यास चहासाठी थांबलो तेव्हा सुशीलाने पिशवी उघडली.

"माझा कापूस कमी दिसून राह्यला."

"वळला असशील."

"वळल्या त्या वाती कुठी गेल्या मंग? कालच्या वाती खालीच होत्या."

मी पैसे देण्यासाठी उठलो.

जोडमोह्यापुढच्या चढावर जीप दुसऱ्या गिअरवर आली, मग पहिल्यावर. आरशात काळा धूर दिसत होता, स्पष्ट काळा. कार्बोरेटर काल जुळवला, आज बिघडला. मग दोष कोणाचा, असे मी मनाशी म्हणालो आणि उत्तरही मीच दिले. मिस्त्रींचा डोळा. ते मान तिरकी करून स्क्रू पाहत होते, हे मला आठवले. झाकणाखाली काय आहे, ते मात्र आठवले नाही. हे आज लिहिताना मलाच खरे वाटत नाही, पण तसे घडले.

दुपारी दोनला मैदानात पोहोचलो. सात गाड्या रांगेत होत्या. बहुतेक काळ्यापिवळ्या जीपगाड्या, एक जुनी मोटार आणि शेवटी आम्ही. मोटारीचे मालक स्वतः फडक्याने सायलेन्सरचे तोंड पुसत होते, जणू त्याने आकडा कमी होणार होता. मला हसू आले नाही. थोड्या वेळाने मीही पुसले.

तपासणी अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली.

"छान ठेवली आहे, काका. रंग तुम्हीच दिला?"

"सर्व काम मीच केले आहे."

"इंजिन चालू राहू द्या. पाय अॅक्सिलरेटरवर नको."

यंत्रावरच्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली. इंजिन अडखळत चालले होते. आकडा चढत गेला आणि मर्यादेच्या जवळजवळ दुपटीवर जाऊन थांबला. बाईंनी दोनदा पाहिला.

"नापास लिहावे लागेल," त्या म्हणाल्या. "उद्या बारापर्यंत फेरतपासणी करून घ्या. परवापासून सुट्ट्या आहेत आणि तोवर तुमची मुदत संपेल. उद्याची संधी शेवटची, काका."

बसस्थानकामागच्या लॉजमध्ये खोली घेतली. साडेचारशे रुपये, आत गाडी लावण्यास जागा आहे, त्यासाठीच सुचवतो. जेवण गेले नाही. संध्याकाळी मी दोन कृत्ये केली आणि दोन्ही येथे नमूद करणे भाग आहे.

पहिले, मी मिस्त्रींना दूरध्वनी केला. "तुम्ही माझ्या गाडीचे नुकसान केले," असे मी म्हणालो. "डोळ्यांनी काम होत नसेल तर तसे सांगावे. तीस वर्षांच्या विश्वासाचा हा उपयोग केलात."

त्यांनी धुराचा रंग आणि चढावरचा सूर विचारला, तो मी सांगितला. मग म्हणाले, "बॉनेट उघडलं होतं का, भाऊ?"

"प्रश्न तो नाही."

"ठीक आहे. उद्या पहिल्या एसटीनं येतो."

दुसरे कृत्य मंडळाच्या सदस्यांना ठाऊक आहे. मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर संदेश पाठवला, 'गफूरमिस्त्रींच्या कामावर यापुढे विसंबू नये. आमची गाडी त्यांच्या कामामुळे नापास झाली आहे.' पंधरा मिनिटांत तीन सदस्यांची उत्तरे आली. त्यांनी राजूरला जाण्याचे बेत रद्द केले होते.

सुशीला वाती वळत होती. "काय लिवलं?" तिने विचारले. मी वाचून दाखवले.

"मानूस एसटीनं येऊन राह्यला अन् तुम्ही थो यायच्या आंधीच त्याचं नाव खराब केलं," ती म्हणाली आणि पाठ करून वाती वळू लागली.

तिसरा दिवस : यवतमाळ

सकाळी तर्री-पोहे घेतले, पण दोघांनीही अर्धे टाकले. साडेदहाला मिस्त्री मैदानात आले. हातात हत्यारांची कापडी पिशवी होती आणि कपड्यांवर प्रवासाची धूळ. त्यांनी मला सलाम केला नाही, सुशीलाला केला. इंजिन सुरू करण्यास सांगितले, दहा सेकंद ऐकले आणि बंद करण्याची खूण केली.

"श्वासच घेत नाही ही," ते म्हणाले.

त्यांनी कार्बोरेटरला हात लावला नाही. सरळ क्लीनरचे झाकण उघडले. धूळ धरण्यासाठी क्लीनरच्या तळात तेल असते, ते पिऊन आतील कापूस नमद्यासारखा घट्ट झाला होता. मिस्त्रींनी बोटे घालून तो ओढला. काळ्या गोळ्यातून काही तरी लोंबत होते. त्यांनी ते चिमटीत धरून सोडवले. ती फुलवात होती. मागोमाग दुसरी निघाली.

सुशीला माझ्याकडे पाहत होती. मी चाकाकडे पाहत होतो.

"काय निघालं?" बाई रांगेतून इकडे येत होत्या.

मिस्त्रींनी मूठ मिटली. "काही नाही, मॅडम. कचरा होता. माझ्याच हातानं राह्यला असन. वय झालं, डोळ्यानं दिसत नाही."

त्या वेळी मी बोलावयास हवे होते. माझे ओठ हलले, असे सुशीला म्हणते. बाई म्हणाल्या, "बघून काम करत जा, चाचा. यांची गाडी गेली असती." मिस्त्रींनी मान हलवली.

मग त्यांनी स्वच्छ फडक्याने क्लीनर पुसला, नवे तेल घातले आणि झाकण लावले. मी काहीही करत नव्हतो. अकरा वाजून गेले होते. आमचा क्रमांक येईपर्यंत मी जीपच्या बाजूस उभा होतो आणि हात मागे बांधले होते. नळी आत गेली. आकडा चढला, थांबला, थोडा खाली आला. यंत्रावरच्या माणसाने कागद छापून बाईंकडे दिला.

"पास. पाच वर्षांची चिंता मिटली, काका."

मी मिस्त्रींना म्हणालो, "जेवण करून जावे." ते म्हणाले, "एसटी आहे बाराची." मी मजुरी आणि भाड्याचे पैसे पुढे केले. त्यांनी फक्त भाडे घेतले. जाताना सुशीलाच्या हातात दोन्ही काळ्या वाती ठेवल्या. "वहिनी, मोजनीत धरा," ते म्हणाले. "मेहनत लागली आहे."

घरी परत

घाटंजीचा रस्ता मी जीप नीट चालवत पार केला. आरशात धूर नव्हता. गावात शिरताना चौकातील पानठेल्यावरून हाक आली, "काय जीपवाले काका, झाली का पास?" मी हात वर केला. ज्या हाकेसाठी तीन दिवस जीव टांगणीला लागला होता, ती ऐकून मला समाधान वाटावयास हवे होते. वाटले नाही.

सुशीलाने काळ्या वाती देवघरात नेल्या नाहीत. जीपच्या डॅशबोर्डवर, वेग दाखवणाऱ्या घड्याळाखाली ठेवल्या. "तुम्ही मांगं पाह्यता ना," ती म्हणाली. "आता पुढं पाह्यलं की या दिसतीन."

चार दिवस मी त्या पाहिल्या. पाचव्या दिवशी राजूरला दूरध्वनी केला.

"काहून, भाऊ? पुन्हा बिघडली का?"

"नाही. कापूस मी कोंबला होता."

"हं."

"वणीला. तुम्ही सांगितले असूनही."

"मले मालूम आहे. हवेचा रस्ता बंद होता, फोनवरच समजलं होतं. तेच तर विचारलं तुमाले, बॉनेट उघडलं का म्हनून."

"मग मैदानात तुम्ही दोष स्वतःकडे का घेतलात?"

"तुमच्यापाशी टाइम नव्हता, भाऊ. बारा वाजत होते. भांडत बसलो असतो तं गाडी गेली असती." मग ते म्हणाले, "पन थे डोळ्याचं नव्हतं बोलायचं तुम्ही. माझा पोरगा बाजूले बसून ऐकत होता."

मी क्षमा मागितली. वयाने मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे आणि हा शब्द मी त्यांच्याशी यापूर्वी कधी उच्चारला नव्हता. ते म्हणाले, "चला, असू द्या." ते पूर्ण विसरले असे मी म्हणणार नाही. आवाजावरून तसे वाटले नाही.

मंडळाच्या सदस्यांनी ध्यानात घ्यावे : गटावरील माझा तो संदेश असत्य होता. जीप माझ्या हातामुळे नापास झाली आणि मिस्त्रींच्या हातामुळे उत्तीर्ण झाली. ज्या तिघांनी बेत रद्द केले, त्यांनी आपली मुदत पाहून राजूरला जावे. रस्ता वर दिला आहे. करंजीला चहा घ्यावा, वणीला मुक्काम टाळावा, काम सकाळी करून त्याच दिवशी यवतमाळ गाठावे. आणि मिस्त्री बॉनेट बंद करतील त्यानंतर, मैदानातील नळी बाहेर येईपर्यंत, आपले दोन्ही हात खिशात ठेवावेत.